लोकलचे प्रवासी घटले म्हणतात, मग आमच्या गाडीत चढतं कोण?

आठ_बाराची

कोविडच्या आधी मुंबई लोकलचा आकडा शाळकरी पोरंही सांगायची: रोजचे ७५ ते ८० लाख प्रवासी. आता बातम्यांत जो आकडा येतो तो त्याच्या बराच खाली असतो. सगळं सुरळीत होऊन इतकी वर्षं झाली तरी तो जुन्या जागी परत आलेला नाही. महानगरातली माणसं तर कमी झालेली नाहीत. कल्याणच्या पुढे, पनवेलच्या अलीकडे-पलीकडे, विरारला खाडीपर्यंत इमारतीच इमारती दिसतात.

मी कल्याणहून रोज सकाळी सीएसएमटीची फास्ट पकडतो (आयडी उगाच घेतलेला नाही). कर्जत-कसाऱ्याकडून येणारी गाडी फलाटाला लागते तेव्हा दारातली माणसं आधीच बाहेर आलेली असतात. तरी आपण चढतोच. ठाण्यापर्यंत एक पाय आपला आणि एक दुसऱ्याचा. गेल्या पंधरा वर्षांत मला यात काडीचा फरक जाणवलेला नाही. पंधरा-वीस टक्के माणसं खरंच कमी झाली असती तर निदान बॅग पुढे घ्यायला तरी जागा मिळाली असती ना?

म्हणून हा धागा. आकडा खोटा म्हणायचा की माझे डोळे? माणसं गेली असतील तर गेली कुठे, आणि गेली नसतील तर आकडा कसला पडतोय? लोकलने जाणाऱ्यांनी, जाणं सोडलेल्यांनी, सगळ्यांनीच लिहा. राजकारण नको.

---

वर्क_फ्रॉम_हॉल

माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे, मी गेलो. मुलुंड ते लोअर परळ, अकरा वर्षं. आता ऑफिसने आठवड्यातून दोन दिवस या म्हणून सांगितलंय. सगळे मंगळवार ते गुरुवार यातले दोन निवडतात, कारण सोमवार-शुक्रवार कुणालाच नको असतात. त्यामुळे मी जातो त्या दिवशी गाडी पूर्वीइतकीच भरलेली असते, आणि शुक्रवारी सकाळी एकदा काही कामासाठी गेलो तर चक्क बसून गेलो.

तुम्ही रोज जाता, त्यामुळे तुमच्या डोक्यात मंगळवारच राहत असेल. शुक्रवारी जरा लक्ष ठेवून बघा.

---

आठ_बाराची

@वर्क_फ्रॉम_हॉल, मान्य, शुक्रवारी परतताना जरा बरं असतं. पण सकाळी आमच्या बाजूला शुक्रवारही मंगळवारच असतो. आयटीवाले सोडले तर दुकानात, प्रेसमध्ये, कुरिअरमध्ये, इस्पितळात, सिक्युरिटीला जाणाऱ्यांचं कसलं वर्क फ्रॉम होम?

---

बोरिवलीकर_पश्चिम

पश्चिमेवर मेट्रोचा हात आहेच. २अ आणि ७ या दोन्ही मार्गिका जानेवारी २०२३ पासून पूर्ण धावताहेत, दहिसर ते अंधेरी. दोन्ही मिळून दिवसाला तीन लाखांच्या आसपास माणसं. यातली सगळी लोकलमधून आलेली नाहीत. लिंक रोडवर नि हायवेवर बस-रिक्षात अडकणारी बरीच आहेत. पण कांदिवली-मालाडहून अंधेरीला उतरणारा जो होता, ज्याला विरार गाडीत चढता यायचं नाही आणि चढलाच तर उतरता यायचं नाही, तो गेला. मी त्यातलाच. लोकलचं तिकीट ५-१० रुपये आणि मेट्रोला त्याच्या दोन-तीन पट जातात, पण शर्टाची इस्त्री टिकते.

आता मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत गेली आहे. आरे ते कफ परेड, ३३.५ किमी, २७ स्थानकं. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), विमानतळ, वरळी या जागा लोकलच्या रुळांपासून नेहमीच फटकून होत्या. तिथे जाणारा आता दादर-वांद्र्याला उतरून शेअर टॅक्सी-रिक्षाच्या रांगेत कशाला उभा राहील?

---

आठ_बाराची

मेट्रोबद्दल एक शंका. मेट्रो १ (वर्सोवा-घाटकोपर, जून २०१४) आली तेव्हा आमच्या गाडीतले अंधेरीला जाणारे सगळे दादरऐवजी घाटकोपरला उतरायला लागले. दादरचा पूल त्यांनी सोडला, पण लोकल सोडली नाही. कल्याण-घाटकोपर पास त्यांच्याकडे आहेच. म्हणजे मेट्रोमुळे त्यांचा लोकलचा प्रवास छोटा झाला, प्रवासी म्हणून ते मोजले जातातच. उलट पूर्वी "अंधेरीला नोकरी? नको रे बाबा" म्हणणारे आता घाटकोपरमार्गे जायला लागले. मग मेट्रोने घटवले की वाढवले?

---

बोरिवलीकर_पश्चिम

आडव्या मेट्रोने वाढवले, उभ्या मेट्रोने घटवले. रुळांना समांतर गेली की पळवणार, काटकोनात आली की आणून सोडणार. मेट्रो ३ यात विचित्र आहे, ती दोन्ही करते.

---

निवृत्त_खिडकी

मी चौतीस वर्षं रेल्वेच्या वाणिज्य विभागात होतो, त्यातली बरीचशी तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला. मूळ प्रश्नातच एक गैरसमज आहे, तो आधी दूर करू. हे प्रवासी मोजतं कोण?

लोकलच्या स्थानकांवर मेट्रोसारखी फाटकं नाहीत. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, याची नोंद कुठेच होत नाही. आकडा येतो तो तिकीट विक्रीवरून. एकेरी तिकीट म्हणजे एक प्रवास, परतीचं म्हणजे दोन. आणि पास? मासिक पासाचे ५० प्रवास धरतात. पंचवीस दिवस, जाऊन-येऊन. तिमाही पासाचे १५०. तुम्ही महिनाभर आजारी पडा, गणपतीला गावी जा, रविवारी घरी झोपा, कागदावर तुमचे ५० झालेच. उलट तुम्ही फिरते विक्रेते असाल आणि दिवसाला सहा वेळा चढ-उतार करत असाल, तरी ५०च.

उपनगरी प्रवाशांचा मोठा हिस्सा पासधारकांचाच. त्यामुळे हा आकडा आहे तो मुख्यतः किती पास विकले गेले याचा. आता वर्क_फ्रॉम_हॉल यांचंच बघा. ते पूर्वी महिन्याला बावीस दिवस जात असतील, म्हणजे ४४ प्रवास, मोजले जायचे ५०. आता आठ दिवस जातात, बहुधा मोबाइलवर तिकीट काढून, मोजले जातात १६. खरी घट २८ ची, कागदावरची घट ३४ ची. असे फक्त एक लाख पासधारक धरा. महिन्याला ३४ लाख प्रवास गेले, म्हणजे दिवसाला लाखाच्या वर. आणि मंगळवारी गाडीत गर्दी तीच, कारण सगळे मंगळवारीच येतात.

आकडा खोटा नाही. तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

---

खडूस_म्हातारा

म्हणजे ७५ लाख माणसं कधी नव्हतीच? आयुष्यभर पाहुण्यांना छाती फुगवून सांगितलं हो.

---

निवृत्त_खिडकी

@खडूस_म्हातारा, ७५ लाख प्रवास होते, माणसं नव्हेत. सकाळी गेलेला संध्याकाळी परत येतोच, त्याचे दोन धरायचे. त्यामुळे डोकी मोजली तर साधारण निम्मी. तरीही छाती फुगवायला पुरेशी आहेत, काळजी नसावी.

---

वर्क_फ्रॉम_हॉल

बरोबर ओळखलंत काका, पास सोडला. मोबाइलवर तिकीट.

---

चाफेकळी

मी आकड्यांतली नाही. आमच्या डब्यातला हिशोब देते, त्यावरून काय ते समजून घ्या.

सकाळी ठाण्याला पकडायची ती गाडी, मधला लेडीज डबा, २०१९ साली आमचा नऊ जणींचा ग्रुप होता. हळदीकुंकू, डोहाळजेवण, नवरात्रीचे नऊ रंग सगळं डब्यात. भाजी निवडून व्हायची. आज त्या डब्यातून मी आणि अजून एक, अशा दोघीच जातो. बाकीच्या सात:

एक निवृत्त झाली. तिच्या जागी तिच्या ऑफिसने माणूसच घेतला नाही, कॉन्ट्रॅक्टवर एक मुलगा आहे तो ऑफिसजवळच खोली घेऊन राहतो.

दोघींची ऑफिसं हलली, एकीचं ऐरोलीला आणि एकीचं घोडबंदरला. ऐरोलीवाली पहिले काही महिने ट्रान्स-हार्बरने गेली, मग कंपनीची बस सुरू झाली. घोडबंदरवालीला रेल्वेचा उपयोगच नाही, ती रडत-रखडत रिक्षाने जाते.

एक घरून काम करते, महिन्यातून एकदा येते. आली की आम्हाला मेसेज करते आणि त्या दिवशी डबा पुन्हा जुना होतो.

एक बीकेसीला आहे. नवऱ्याचं ऑफिस त्याच बाजूला, कर्जावर गाडी घेतली, दोघं जातात. एवढा वेळ ट्रॅफिकमध्ये बसतात की लोकलने दोनदा जाऊन येणं होईल, पण तिला कमरेचं दुखणं आहे आणि गाडीत बसायला मिळतं. तिला दोष कसा देणार?

एकीने २०२० मध्ये सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली, ती सोडलीच. परत जाणं तिच्या हिशोबात बसेना. पाळणाघर, पास, बाहेरचं खाणं वजा केलं तर हातात काय उरतं असं म्हणते.

आणि एक आता एसी लोकलने जाते. तिचा पास आहेच, म्हणजे काका म्हणतात तशी ती मोजली जात असेल, पण आमच्या डब्यातून गेली.

तर नऊपैकी मेट्रोने एकही नेली नाही. सगळ्यांत जास्त नेल्या ऑफिसांनीच. आणि त्या गेल्या म्हणून डबा रिकामा झाला का? मुळीच नाही. मुंब्रा, दिवा, बदलापूरच्या मुली बसलेल्या असतात. बऱ्याचशा विशीतल्या, कानात इअरफोन. त्या ठाण्याला बसायला येत नाहीत, त्या आधीच बसलेल्या असतात. आम्ही उभ्या.

---

गिरणगाव

चाफेकळी ताईंनी "ऑफिसांनी नेल्या" म्हटलं, त्याला पुस्ती जोडतो. ही गोष्ट कोविडच्या चाळीस वर्षं आधी सुरू झालेली आहे.

लोकलचं जाळं एका गृहीतावर उभं आहे: राहायचं उत्तरेला, कामाला जायचं दक्षिणेला. सकाळी सगळे खाली, संध्याकाळी सगळे वर. करी रोड, चिंचपोकळी, परळ या स्थानकांवर माझ्या लहानपणी तीन पाळ्यांची गर्दी असायची. पहाटेची वेगळी, दुपारची वेगळी, रात्री बाराची वेगळी. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या घरात कामगार होते. गिरण्या गेल्या आणि दिवसभर सारखी विभागलेली ती गर्दीही गेली. त्याच जागी काचेची ऑफिसं आली, पण तिथले सगळे एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात.

घाऊक बाजार मशीद बंदराकडून वाशी-तुर्भ्याला गेले. लोखंड बाजार कळंबोलीला. हिरेवाले २०१० मध्ये ऑपेरा हाऊसहून बीकेसीला. विरारहून चर्नी रोडला येणारा हिरे कारागीर आता वांद्र्याला उतरतो, म्हणजे वांद्रे ते चर्नी रोड एवढा पट्टा त्याच्यापुरता रिकामा झाला.

राहणाऱ्यांचंही तेच. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, ३३.३८ लाखांचा होता. २०११ मध्ये ३०.८५ लाख. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी. तेवढ्याच काळात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होता) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. पुढची जनगणना वेळेवर झालीच नाही, नाहीतर ही दरी आणखी रुंद दिसली असती.

भायखळ्याहून सीएसएमटीला, दादरहून मशीदला जाणारे जे छोटे प्रवासी होते, दिवसातून दोनदा-तीनदा तिकीट काढणारे, ते या पट्ट्यात राहायचे. त्यांच्या चाळींच्या जागी टॉवर आले. टॉवरवाला लोकलने जात नाही. त्याच्याकडे धुणंभांडी करायला येणारी बाई मात्र मानखुर्दहून लोकलने येते.

---

दिव्याखाली_अंधार

सगळ्यांचं वाचलं. आता आमचं, दिवेकरांचं ऐका.

निवृत्त काकांनी पासाचं सांगितलं ते पटलं, पण त्यात अर्धीच गोष्ट आली. दुसरी अर्धी सीटमध्ये आहे. पूर्वी ठाण्याहून एक जण बसायचा, घाटकोपरला उतरायचा. त्याच सीटवर दुसरा बसायचा, तो दादरला उतरायचा. मग तिसरा सीएसएमटीपर्यंत. एक सीट, तीन तिकिटं. आता बदलापूरला माणूस बसतो तो थेट दादरला उठतो. एक सीट, एक तिकीट, तास-सव्वा तास. गाडी तेवढीच भरलेली आणि आकडा एक तृतीयांश. गिरणगावकर म्हणाले ते छोटे प्रवासी गेले आणि त्यांच्या जागी आम्ही लांबचे आलो. कर्जत १०० किमी, कसारा १२० किमी, तिथूनही माणसं रोज येतात. या लोकांना एक प्रवासी म्हणून मोजणं म्हणजे गोणी आणि पिशवी एकच नग धरण्यासारखं आहे. रेल्वेकडे प्रवासी-किलोमीटर (किती प्रवासी किती किलोमीटर गेले) हा हिशोब असतोच, गर्दीची चर्चा त्यावर करा.

म्हणून 'प्रवासी घटले' हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. उद्या कुणीतरी म्हणेल, घटलेत ना, मग नव्या गाड्या कशाला? ९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. गेली काही. मी त्या दिवशी मागच्या गाडीत होतो. आधी फक्त कळलं की पुढे काहीतरी झालंय. ती माणसं दारात मजा म्हणून उभी नव्हती. रेल्वेने त्यानंतर जाहीर केलं की नव्या साध्या लोकलनाही बंद होणारे दरवाजे देणार. द्या, चांगलंच आहे. पण दार बंद झालं की दारात लटकणारे दहा-बारा जण कुठे जाणार, ते आधी ठरवा. ते फलाटावर राहणार. मग आकडा आणखी घटेल.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या झाल्या की लोकलच्या फेऱ्या वाढतील अशी आशा होती. पण त्या गाड्यांना कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत स्वतंत्र रूळ नाहीत, तिथे येऊन सगळं पुन्हा एकाच बोळात शिरतं. कळशी मोठी केली आणि तोंड तेवढंच ठेवलं.

---

गारेगार

एसी लोकलला कुणीच शिव्या कशा दिल्या नाहीत अजून :) मीच बाजू मांडतो. ५ मे २०२२ पासून एसीचं एकेरी तिकीट निम्मं केलं आणि त्यानंतर या गाड्या भरायला लागल्या. आज माझ्या गाडीत दार बंद व्हायला दोन-तीन झटके लागतात. फर्स्ट क्लासचे पास सोडून एसीचे काढणारे माझ्या ओळखीतच पाच-सहा आहेत. ओला-उबरमधून परत आलेलेही आहेत. म्हणजे एसीने प्रवासी आणले, घटवले नाहीत.

---

दिव्याखाली_अंधार

@गारेगार, तुम्हाला शिव्या नाहीत. पण दहा किलोमीटरला साध्या गाडीचं तिकीट ५ रुपये आहे आणि एसीत पाऊल ठेवायचं तर किमान ३५. ऐन गर्दीत एक साधी गाडी काढून त्या वेळेला एसी लावली की साध्या गाडीतली माणसं पुढच्या साधीत कोंबली जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला लोक रुळांवर उतरले ते याचसाठी, आणि तेव्हा मध्य रेल्वेला नव्याने लावलेल्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांचं म्हणणं एसी नको असं नव्हतंच. आमची गाडी काढून नको, जादा लावा, एवढंच होतं. आणि जादा लावायला रूळ नाहीत. फिरून तिथेच येतो आपण.

---

टीसी_आला_रे

बिनतिकीटवाले विसरलात. तेही गाडीत असतात, आकड्यात नसतात. २०२२-२३ मध्ये एकट्या मध्य रेल्वेने विनातिकीट प्रवाशांकडून ३०० कोटींच्या वर दंड वसूल केला. हे पूर्ण झोनचं आहे, फक्त लोकलचं नाही, पण पकडले गेले ते किती आणि सुटले ते किती याचा अंदाज ज्याने-त्याने करावा. फर्स्ट क्लासमध्ये संध्याकाळी सातला टीसी शिरूच शकत नाही.

---

निवृत्त_खिडकी

बिनतिकीट पूर्वीही होते. घट त्यांच्यामुळे झाली म्हणायची तर ते वाढलेत असं दाखवावं लागेल, नुसतं ते आहेत म्हणून चालणार नाही. दंडाचा आकडा वाढला तर तपासणी वाढली असाही अर्थ निघतो.

---

स्कूटर_झिंदाबाद

एक मोठं कारण राहून गेलं. दीड वर्षं आम्हाला लोकलमध्ये चढूच दिलं नव्हतं, हे विसरलात का?

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. १५ जूनपासून सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. ऑक्टोबरात महिलांना मुभा मिळाली, ती गर्दीच्या वेळा सोडून. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांना, पण सकाळी सातपर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री नऊनंतर. नऊच्या ऑफिसवाल्याने याचं काय करायचं? दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पास मिळायला लागला. तोवर ऑफिसं केव्हाच सुरू झालेली, आणि साहेबाला लोकल बंद आहे हे कारण चालत नव्हतं.

मी डिसेंबर २०२० मध्ये जुनी स्कूटर घेतली. भांडुप ते साकीनाका. सुरुवातीला वाटलं महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पण एकदा सवय झाली की झाली. पूर्वी भांडुप-घाटकोपर लोकल, मग मेट्रो, दोन्हीकडे जिने, दोन्हीकडे रांगा. आता पाऊस सोडला तर चाळीस मिनिटं, दारापासून दारापर्यंत. पाठ गेली कामातून, पेट्रोल पासाच्या कितीतरी पट जातं, बायको रोज "पोचलास का" विचारते. तरी परत नाही गेलो. लोकल सोडायची हिंमत माझ्यात एरवी कधीच आली नसती. मी सोडली नाही हो, ती सोडायला लावली, आणि मग कळलं की तिच्याशिवायही जमतं.

आमच्या गल्लीत २०१९ मध्ये चार दुचाक्या होत्या. आता उभं राहायला जागा नाही.

---

चाफेकळी

@स्कूटर_झिंदाबाद, अगदी. त्या काळात आमच्या डब्यात आय-कार्ड दाखवून चढणाऱ्या नर्स आणि सफाई कर्मचारी असायच्या. मी ऑक्टोबरात परतले तेव्हा ठाण्याला खिडकी मिळाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आनंद व्हायला हवा होता, पण रडायला आलं.

बसचंही लिहा कुणीतरी. स्टेशनला उतरल्यावर पुढे जायला बेस्ट मिळाली नाही तर लोकलने जाऊन उपयोग काय? बेस्टच्या स्वतःच्या गाड्या वर्षानुवर्षं कमी होताहेत, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ चं १० झालं. ताडदेवला जाणारी आमची एक जण बस मिळेना म्हणून मुंबई सेंट्रलहून चालत जायची. पावसाळ्यात तिने नोकरीच बदलली.

---

आठ_बाराची

धागा काढला तेव्हा वाटलं होतं की दोन-चार जण येऊन मेट्रो-मेट्रो करतील आणि संपेल. काकांचं पासाचं गणित आणि दिवेकरांची सीट या दोन गोष्टी डोक्यातून जाईनात, म्हणून काल गाडीत उभ्या-उभ्या स्वतःचा हिशोब केला.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, आमच्या ऑफिसनेही पुढच्या महिन्यापासून दोन दिवस यायला सांगितलंय. फोर्टमधली जागा निम्मी सोडताहेत, सगळ्यांना बसायला टेबलंच नसणार. दिवस ठरवून दिलेत, मंगळवार आणि गुरुवार.

माझा पास ३० तारखेला संपतो. कल्याण-सीएसएमटी एकेरी तिकीट १५ रुपये, जाऊन-येऊन ३०. महिन्याला आठ-नऊ दिवस, म्हणजे २४० ते २७० रुपये. सेकंड क्लासचा मासिक पास तीनशेच्या वर. शाळेतला पोरगाही सांगेल काय करायचं ते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा पास काढणार नाही.

म्हणजे कालपर्यंत मी ५० होतो, पुढच्या महिन्यात १६ किंवा १८. आणि ज्या दोन दिवशी जाणार ते नेमके मंगळवार-गुरुवार, त्याच गाडीला, त्याच दारात. आकड्यातून मी जाणार आणि गाडीतून जाणार नाही. मूळ प्रश्नाचं उत्तर मीच निघालो की.

---

निवृत्त_खिडकी

तिमाही पास काढून बघा, महिन्याला थोडा स्वस्त पडतो. तरी आठ दिवसांसाठी फायद्याचा होईलसं वाटत नाही. तुमचं गणित बरोबर आहे. खिडकीवर असतो तर मीही हेच सांगितलं असतं.

---

दिव्याखाली_अंधार

मंगळवारी मधल्या डब्यात असाल तर ठाणे गेल्यावर दारातून आत सरकून घ्या. तुम्ही चार बोटं सरकलात तर दिव्याला चढलेल्या आमच्यापैकी एकाचा दुसरा पाय आत येतो.